लंडी खानाचं तिकीट

पाकिस्तानच्या कैदेतून पळालेले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर पुन्हा पकडले गेले ते एका बंद पडलेल्या स्टेशनपायी. युद्धकथा सांगणारे हा भाग घाईनं उरकतात. चिंचपाड्याच्या आमच्या सुरत-भुसावळ मार्गावर तिकीट खिडकीत बसून नोकरी काढलेल्या मला मात्र सगळ्या हकिकतीत तोच भाग डोळ्यांत भरतो.

माणूस जिद्दीचा. 1963 मध्ये हवाई दलात दाखल झाले. 1965 च्या लढाईत विमानाला गोळी लागली, उजवा खांदा जायबंदी झाला. उडी मारा, असं तुकडीचा प्रमुख सांगत होता, तरी यांनी मोडकं विमान तळावर आणलं. त्याबद्दल वायुसेना पदक मिळालं. 10 डिसेंबर 1971 ला सुखोई-7 घेऊन गेले असता विमान पाडलं गेलं आणि रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत रवानगी झाली. कैद झालीच तर पळणार, हे ते लढाईआधीच बोलून गेले होते.

जुलै 1972 मध्ये सिमला करार झाला, तरी सुटकेचं नाव नाही. मग परुळकर, मालविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांनी कोठडीच्या भिंतीच्या विटा उकरल्या. ज्यांना पळायचं नव्हतं तेही मदतीला होते. सुई चुंबकीय करून होकायंत्रसुद्धा बनवलं. 13 ऑगस्टच्या रात्री वादळी पावसात तिघे बाहेर पडले. अंगात पठाणी कपडे. पेशावरपर्यंत बस, पुढे जमरूद, मग लंडी कोतल. अफगाण सरहद्द तिथून चारेक मैल.

तिथं त्यांनी लंडी खानाला कसं जायचं, हे विचारलं. नकाशावर शेवटचं स्टेशन तेच होतं ना! पण खैबरची गाडी तिथवर धावली ती 1926 ते 1932 एवढीच. चौतीस बोगदे पार करून, पेशावरच्या विमानतळाची धावपट्टी ओलांडून जाणारी ही लाइन इंग्रजांनी फौजेसाठी बांधली; शेवटचा तुकडा त्यांनीच बंद केला. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेलं स्टेशन विचारणारा माणूस तिथला नव्हेच. तहसीलदाराच्या कारकुनानं हटकलं. अफगाणिस्तानात निसटू पाहणारे बंगाली, असा त्याचा समज झाला होता.

कारकुनाला मी दोष देणार नाही. खिडकीवर नसलेल्या गावाचं तिकीट मागितलं, तर मीही मान वर करून पाहिलं असतं.

खरी शर्थ पुढे झाली. सरहद्दीवर संशयितांना गोळी घालायला कितीसा वेळ! परुळकरांनी पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे सहायक उस्मान हमीद यांना फोन लावायला लावला. छावणीचे आधीचे प्रमुख तेच. माणसं आमची आहेत, हात लावू नका, असं त्यांनी बजावलं. त्या एका फोनवर तिघे वाचले. मला विचाराल तर या पळण्यातला सगळ्यात शहाणा डाव हाच. आणि हमीद यांचं नाव आपल्याकडे याहून जास्त घेतलं जायला हवं.

1 डिसेंबर 1972 ला वाघ्यावरून परुळकर परतले. फसलेल्या पलायनाबद्दल पुढे विशिष्ट सेवा पदक मिळालं. वायुसेना अकादमीत शिकवलं, दोन वर्षं सिंगापुरात प्रशिक्षक होते, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बटालियन कमांडर झाले. ग्रुप कॅप्टन परुळकर 10 ऑगस्ट 2025 रोजी पुण्यात वारले.