महल (१९४९)

बॉम्बे टॉकीजने निर्मिलेला, पुनर्जन्म व भुताटकी यांच्या आभासावर उभा असलेला हिंदी कृष्णधवल चित्रपट. लेखक-दिग्दर्शक कमाल अमरोही (१९१८–९३). दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिलाच चित्रपट. प्रमुख भूमिका अशोक कुमार व मधुबाला. संगीत खेमचंद प्रकाश, गीते नक्शब जारचवी, छायालेखन जोसेफ वीरशिंग, संकलन बिमल रॉय.

अलाहाबादेत नदीकाठी एक महाल ओस पडलेला असतो. नवा मालक शंकर तिथे मुक्कामाला येतो, तेव्हा म्हातारा माळी त्याला वास्तूची हकीकत ऐकवतो. महाल बांधणारा पुरुष पाण्यात बुडून गेला आणि त्याची वाट पाहणारी कामिनीही मागे राहिली नाही. भिंतीवरची त्या पुरुषाची तसबीर पाहावी, तर ती शंकरचीच वाटते. मग रात्री-अपरात्री कामिनी दिसू लागते, आणि वकील मित्र श्रीनाथ याच्या शहाणपणाचा शंकरवर काही परिणाम होत नाही.

या चित्रपटाचे खरे सामर्थ्य पहिल्या तासाभरात आहे. वीरशिंग जर्मन, बॉम्बे टॉकीजचे संस्थापक हिमांशू राय यांच्या काळापासून तिच्या मालाडच्या स्टुडिओत काम केलेले. दालनाचा बराचसा भाग ते काळोखात सोडून देतात, उजेड ठेवतात तो एखाद्या जिन्यापुरता किंवा चेहऱ्याच्या एका बाजूपुरता. हलते झुंबर, बागेतला झोपाळा, नदीवरची होडी एवढ्या सामग्रीवर दहशत आणि ओढ दोन्ही साधली आहेत. विशीही न गाठलेल्या मधुबालाला इथे फारसा अभिनय करावा लागत नाही. दिसायचे आणि नाहीसे व्हायचे. ते तिने असे केले आहे की शंकरचे वेड पटते.

‘आयेगा आनेवाला’ या गाण्याने लता मंगेशकर घरोघरी पोचल्या. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकेवर मात्र गायिका म्हणून पात्राचे, म्हणजे ‘कामिनी’चे नाव होते. आवाज लांबून येत असल्याचा भास व्हावा म्हणून खोलीच्या कोपऱ्यापासून गात गात माइकपर्यंत यावे लागले, असे लताबाईंनी पुढे सांगितले आहे.

कथा महालाबाहेर पडली की घडी विस्कटते. शंकर लग्न करून पत्नी रंजनाला साप-वटवाघळांच्या आडरानात नेतो. हा भाग रेंगाळतो आणि रंजनाची उपेक्षा जेवढी बोचायला हवी तेवढी बोचतही नाही. ती विष घेते, आळ नवऱ्यावर येतो, खटला उभा राहतो. कामिनी म्हणजे माळ्याची मुलगी आशा, हा उलगडा भर न्यायालयात होतो आणि इतक्या मेहनतीने उभारलेले भूत साक्षीच्या पिंजऱ्यात हकनाक मरते. तसबिरीतल्या चेहऱ्याचे कोडे तसेच राहते. पटकथेतली ही ढिलाई खरी, पण चित्रपटाला ती उलट मानवली आहे. संवाद भरजरी आहेत, काही ठिकाणी नको तितके.

प्रेक्षकांनी हे सारे पोटात घातले आणि चित्रपट जोरात चालला. अमरोहींनी पुढे दायरा (१९५३), पाकीज़ा (१९७२) आणि रज़िया सुलतान (१९८३) एवढेच चित्रपट दिग्दर्शित केले. पाकीज़ाच्या छायालेखनासाठीही त्यांनी वीरशिंग यांनाच घेतले. संकलक बिमल रॉय यांनी मधुमती (१९५८) काढला, तेव्हा तोतया कामिनीची युक्ती त्यांनीही वापरली, पण खरे भूत आणि खरा पुनर्जन्म त्यांनी शेवटपर्यंत खरेच ठेवले.