स्थानिक निवडणुकांतील उमेदवारांच्या खर्चमर्यादेचा इतिहास : ब्रिटिश वारसा आणि महाराष्ट्रातील अनुभव

प्रस्तावना

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत उमेदवाराने किती पैसा खर्च करावा, याला कायद्याने मर्यादा आहे. ही मर्यादा आज नागरिकांना स्वाभाविक वाटते. तथापि तिच्यामागे जवळपास दीड शतकाचा इतिहास आहे. या इतिहासात तीन प्रश्न वारंवार समोर येतात. खर्च किती झाला? तो कोणी केला? आणि त्याचा हिशेब दिला गेला का? ज्या कायद्यातून ही संकल्पना भारतात आली त्याने हे तिन्ही प्रश्न एकत्र हाताळले होते. महाराष्ट्रातील स्थानिक निवडणुकांच्या संदर्भात मात्र पहिले दोन प्रश्न हळूहळू मागे पडले आणि तिसरा तेवढा कठोरपणे विचारला जाऊ लागला. हे कसे घडले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ब्रिटनमधील उगम

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश निवडणुका खर्चिक होत्या. मतदारांना मद्य व भोजन देणे, गाड्या भाड्याने घेणे, कामाच्या नावाखाली मतदारांनाच पगारी नेमणे हे प्रकार सर्रास चालत. १८५४ च्या कायद्याने लाचलुचपतीची व्याख्या केली; पण एकूण खर्चाला मर्यादा घातली नाही. १८८० च्या सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवारांचा अधिकृतपणे दाखविलेला खर्चच सुमारे १७ लक्ष पौंडांवर गेला. त्यानंतर ॲटर्नी जनरल सर हेन्री जेम्स यांच्या पुढाकाराने १८८३ चा भ्रष्ट व बेकायदेशीर प्रथा प्रतिबंधक कायदा संमत झाला.

या कायद्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. खर्चाची कमाल रक्कम मतदारसंख्येशी जोडली गेली. दोन हजारांपर्यंत मतदार असलेल्या नगर मतदारसंघात ३५० पौंड, त्याहून मोठ्या मतदारसंघात ३८० पौंड आणि पुढील प्रत्येक पूर्ण हजार मतदारांमागे ३० पौंड, असे प्रमाण ठरले. सर्व खर्च एकाच निवडणूक प्रतिनिधीच्या हातून व्हावा आणि त्याचा तपशील मुदतीत सादर व्हावा, असेही बंधन आले. जाणूनबुजून मर्यादा ओलांडल्यास निवड रद्द होऊ शकत होती. मतदारसंख्या सुमारे ३० लक्षांवरून ५५ लक्षांच्या पुढे गेली असतानाही १८८५ च्या निवडणुकीतील दाखविलेला खर्च सुमारे १० लक्ष पौंडांपर्यंत खाली आला.

हेच तत्त्व लगेच स्थानिक पातळीवर उतरले. १८८४ च्या नगरपालिका निवडणूक कायद्याने नगरसेवकपदाच्या उमेदवारासाठी २५ पौंड आणि ५०० च्या वरील प्रत्येक मतदारामागे ३ पेन्स अशी मर्यादा घातली. रक्कम लहान असली तरी विचार स्पष्ट होता. नगरसेवकपद हे धनिकांचे भूषण न राहता सामान्य करदात्यालाही त्यासाठी उभे राहता यावे, हा त्यामागील हेतू होता.

एक उणीव तरीही राहिली. उमेदवाराचे हात बांधले, पण त्याच्या हितचिंतकांचे हात मोकळेच होते. १९१८ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३४ ने ही वाट अडवली. निवडणूक प्रतिनिधीच्या लेखी अधिकाराशिवाय इतर कोणीही उमेदवाराच्या प्रचारासाठी सभा, जाहिराती वा पत्रके यांवर खर्च करू नये, असा नियम झाला. अशा रीतीने ‘किती’ या प्रश्नाला ‘कोणी’ या प्रश्नाची जोड मिळाली.

भारतात आलेला वारसा

लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव १८८२ चा. त्यास अनुसरून मुंबई इलाख्यात १८८४ मध्ये लोकल बोर्ड व जिल्हा नगरपालिका यांविषयीचे कायदे झाले, आणि १८८८ मध्ये मुंबई महानगरपालिकेचा कायदा आला. ब्रिटनमध्ये नगरपालिका निवडणुकीचा खर्च मर्यादित होत होता त्याच दशकात येथे निवडणुकीचे तत्त्व नुकतेच रुजत होते. मताधिकार कर आणि मालमत्ता यांच्याशी बांधलेला होता. गरिबाला खर्च परवडतो का, हा प्रश्न उद्भवण्यापूर्वीच तो बहुधा मतदारयादीबाहेर राहिलेला असे.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे मताधिकार विस्तारला, तेव्हा १९२० चा ३९ वा कायदा संमत झाला. त्याने भारतीय दंड संहितेत निवडणूकविषयक गुन्ह्यांचे प्रकरण ‘नऊ-अ’ समाविष्ट केले. याच कायद्याने ‘निवडणूक’ या शब्दाच्या अर्थात विधिमंडळांबरोबर नगरपालिका व अन्य सार्वजनिक संस्थाही घेतल्या. कलम १७१-ह नुसार उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या प्रचारासाठी खर्च करणाऱ्यास ५०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. दहा रुपयांपर्यंतच्या खर्चास दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता मिळविल्यास सूट होती. १९१८ च्या ब्रिटिश नियमाचाच हा भारतीय अवतार म्हणता येईल. कलम १७१-आय ने हिशेब न ठेवणाऱ्यास दंड सांगितला. परंतु तो हिशेब अन्य एखाद्या कायद्याने वा नियमाने बंधनकारक केलेला असेल तरच. खर्चाची कमाल रक्कम दंड संहितेने ठरविली नाही.

या कलमांचे पुढे काय झाले, हे सूचक आहे. दोन्ही गुन्हे अदखलपात्र राहिले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलमे १७६ व १७७ म्हणून कायम राहिली. दंडाची कमाल रक्कम अनुक्रमे दहा हजार व पाच हजार रुपये झाली. दहा रुपयांची सूट मात्र तशीच ठेवली गेली. १९२० मध्ये दहा रुपयांत काही छापून होत असे. शंभर वर्षांनंतरही तोच आकडा टिकून राहतो, याचा अर्थ नियम पुस्तकात आहे, पण तो कोणी वापरण्यासाठी उघडत नाही.

संसदीय निवडणुकांचा परिणाम

स्वातंत्र्योत्तर काळात खर्चमर्यादेची चर्चा मुख्यतः लोकसभा व विधानसभा यांच्या संदर्भात झाली. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम ७७ ने उमेदवाराचा हिशेब व मर्यादा निश्चित केली. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही त्याच्याच खात्यावर धरावा, असा निर्णय दिला. त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि नंतर दुरुस्ती होऊन पक्षाचा व मित्रांचा खर्च मर्यादेबाहेर काढण्यात आला. अहमदनगर मतदारसंघातील १९९१ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये या सवलतीवर टीका केली. २००३ च्या दुरुस्तीने ती प्रामुख्याने पक्षनेत्यांच्या प्रवासखर्चापुरती सीमित केली.

ही सवलत स्थानिक संस्थांच्या कायद्यांतील नव्हती. तथापि ‘खर्च म्हणजे उमेदवाराने आपल्या वहीत लिहिलेला खर्च’ ही समजूत दृढ होण्यास या तीन दशकांचा हातभार लागला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

महाराष्ट्रातील व्यवस्था

७३ व ७४ व्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या. त्यांनुसार १९९४ मध्ये महाराष्ट्राचा राज्य निवडणूक आयोग अस्तित्वात आला. स्थानिक निवडणुकांसाठी खर्चाची मर्यादा ठरविणे आणि हिशेब मागणे ही कामे त्याच्याकडे आली. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४-ब नुसार, योग्य कारणाशिवाय हिशेब न देणाऱ्यास पाच वर्षांसाठी अपात्र ठरविता येते.

मर्यादेच्या आकड्यांतून तिची रचना कळते. २०१७ मध्ये ग्रामपंचायत सदस्यासाठी २५ ते ५० हजार रुपये आणि थेट निवडून येणाऱ्या सरपंचासाठी ५० हजार ते १ लक्ष ७५ हजार रुपये अशी मर्यादा होती. मुंबई महानगरपालिकेच्या उमेदवारासाठी २०१७ मध्ये १० लक्ष, तर २०२५ च्या सुधारणेनंतर १५ लक्ष रुपये ठरले. ही रक्कम संस्थेचा वर्ग किंवा सदस्यसंख्या यांवरून ठरते, प्रभागातील प्रत्यक्ष मतदारसंख्येवरून नव्हे. १८८४ च्या कायद्यात प्रत्येक मतदाराला तीन पेन्सचे मोल होते. येथे तो मतदार गणितातून बाहेर पडला आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा अंमलबजावणीचा आहे. हिशेब आला की नाही, हे तारखेवरून कळते. त्यासाठी चौकशी लागत नाही. मर्यादा ओलांडली की नाही, हे सिद्ध करण्यासाठी मंडपवाला, छापखाना, वाहनमालक व खाणावळ यांच्याकडील पुरावा लागतो. परिणामी, पराभवानंतर हिशेब देण्याची गरज न वाटलेला शेतमजूर उमेदवार कायद्याच्या कक्षेत सहज सापडतो. उलट मर्यादेच्या आत नीटनेटका हिशेब मांडणारा धनिक उमेदवार सुरक्षित राहतो. आरक्षणामुळे प्रथमच उभ्या राहिलेल्या महिला व मागास घटकांतील उमेदवारांना हिशेबतपासनिसाचे साहाय्य सहसा नसते, हे लक्षात घेता हा भेद अधिक टोचणारा ठरतो.

या व्यवस्थेची कसोटी २०२१ च्या प्रारंभी लागली. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे समोर आले. उमराणे येथील बोली दोन कोटी रुपयांवर आणि खोंडामळी येथील ४२ लक्ष रुपयांवर गेली होती. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. आयोगाची ही कारवाई महत्त्वाची आहेच. पण तिचा आधार खर्चमर्यादा नव्हता. बिनविरोध निवडीत सभा नसते, पत्रक नसते, गाडी नसते. गावाच्या कामासाठी दिलेली देणगी प्रचारखर्चाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. मर्यादा हजारांत मोजली जात असताना पद कोटींत विकले जाऊ शकते आणि तरीही निवडणूक खर्चाचा हिशेब निर्दोष राहू शकतो, हे या घटनेने दाखवून दिले.

समारोप

ब्रिटनमध्ये खर्चमर्यादा आली ती सार्वजनिक पद पैशाच्या बळावर मिळू नये म्हणून. तिच्यामागे तीन आधार होते : मतदारसंख्येशी जोडलेली रक्कम, लेखी अधिकाराशिवाय इतरांच्या खर्चास मनाई आणि वेळेवर हिशेब. महाराष्ट्रातील स्थानिक निवडणुकांत पहिला आधार स्वीकारला गेला नाही, दुसरा १९२० पासून कायद्यात असूनही निष्क्रिय राहिला आणि तिसऱ्यावरच सगळा भार पडला. केवळ मर्यादेचा आकडा वाढविल्याने हा तोल साधणार नाही. प्रभागातील मतदारांच्या प्रमाणात रक्कम ठरविणे, त्रयस्थांच्या खर्चाविषयीचे जुने कलम वापरात आणणे आणि विलंबाने हिशेब देणारा व मर्यादा ओलांडणारा यांच्यात शिक्षेचा फरक करणे, या दिशेने विचार आवश्यक आहे. अन्यथा जो कायदा गरीब उमेदवारासाठी दार उघडण्याकरिता जन्मला, तोच त्याला पाच वर्षे दाराबाहेर ठेवीत राहील.