झुंबराचे अभ्यंगस्नान

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील दरबार हॉलमध्ये दोन प्रचंड झुंबरे आहेत. एकेकाचे वजन साडेतीन टन सांगतात. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली हा राजवाडा उभा केला, तेव्हा झुंबरे टांगण्याआधी छताची ताकद अजमावण्यासाठी म्हणे वर हत्ती चढवले होते. हत्ती आठ की दहा, हे सांगणारागणिक बदलते. ते काही असो. आपली नजर आधी लोलकांवर जाते, त्या मंडळींची आधी छताकडे गेली, हे खरे शहाणपण.

झुंबराला एवढा जडपणा आला कोठून? शिशातून. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट या इंग्रज व्यापाऱ्याने १६७४ साली नव्या काचेचे पेटंट मिळवले आणि तिच्यात पुढे शिशाचे भस्म पडू लागले. ही काच वजनाला भारी, पण घासायला मऊ. पैलू पाडले की उजेडाचे सात रंग करून दाखवते. टिचकी मारली तर निनादते. इंग्लंडात १७४५ पासून काचमालावर वजनाप्रमाणे कर होता. तो १८४५ मध्ये उठला आणि कारखानदारांचे हात मोकळे झाले. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात २७ फूट उंचीचे काचेचे कारंजे मांडले! याच कंपनीने त्याआधीच कलकत्त्यास दुकान थाटले होते. पंख्याच्या वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून इकडच्या झुंबरांना काचेच्या हंड्या बसवीत.

हा सारा माल जहाजातून पेट्यांत सुटा येई आणि दिवाणखान्यात जोडला जाई. सुटे होण्यासाठीच घडवलेली ही वस्तू. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत खालून फडके मारून भागत नाही. मेणबत्त्यांची काजळी गेली, पण स्वयंपाकघरातली तेलकट वाफ आणि रस्त्यावरची धूळ आहेच.

आधी वीज बंद करावी. तुळईतली कडी आणि साखळी पाहावी. झिजलेली दिसली तर पुढचे काम कारागिराचे. झुंबराचे दोन-चार फोटो काढून ठेवावेत. आणि एक गोष्ट घरातल्या उत्साही मुलांना बजावून सांगावी: शिडी हलवण्याचा कंटाळा करून झुंबर फिरवायचे नाही. मधल्या दांड्याला आटे असतात. दरवर्षी एकाच बाजूला थोडे थोडे फिरवले की ते सुटत जातात, आणि मग एके दिवशी सगळा डोलारा खाली येतो. शिडी फिरवावी, झुंबर नव्हे.

लोलक रांगेरांगेने काढावेत. हात काढायचे झाल्यास समोरासमोरचे दोन एका वेळी, नाहीतर झुंबर कलते. हातांच्या पितळी बुडाशी पुष्कळदा खुणा कोरलेल्या असतात. त्या पाहून ज्याचा हात त्याच जागी बसवावा. पसरट भांड्यात तळाशी जाड पंचा घालून कोमट पाण्यात सौम्य साबणाने एकेक लोलक धुवावा. कढत पाणी नको, काच तडकते. समईला लावतो तशी चिंच आणि राख तर मुळीच नको. मऊ काचेवर ओरखडे उठतात आणि ते जन्माचे राहतात. धुतल्यावर लगेच कोरडे करावे. भोकातले पाणी तसेच राहिले तर पितळी तारेला हिरवा कळंक चढतो.

दुरुस्तीत मोठा घात करते ती लोखंडी तार. हाताशी असते म्हणून कोणी तिने लोलक ओवतो. ती गंजते, फुगते, आणि काचेचे भोक फोडते. पितळेची मऊ तारच वापरावी. पितळी वाटीत काचेचा हात बसवायला जुने कारागीर प्लास्टर ऑफ पॅरिस वापरीत. ते पुन्हा सोडवता येते. आजचे घट्ट डिंक तेथे ओतले की पुढच्या दुरुस्तीचा मार्गच बुजतो. जुन्या झुंबरातून नंतर ओवलेल्या विजेच्या तारांचे रबर चुरते. ते काम मात्र वायरमनकडेच द्यावे.

फुटलेले लोलक फेकू नयेत. तुकडे कापसात गुंडाळून डबीत ठेवावेत. जोडीचा लोलक शोधताना किंवा घासून घेताना कारागीर आधी नमुनाच मागतो.