स्पेनच्या राजाची बोरिवली

बोरिवलीच्या माणसाला विचारलं की बाबा, तुमच्यावर आजवर कोणाकोणाचं राज्य झालं, तर तो बोटं मोजून सांगतो : पोर्तुगीज, मराठे, इंग्रज आणि पश्चिम रेल्वे. यात एक नाव हमखास गळतं. स्पेनचा राजा!

थट्टा करत नाही. १५३४ च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर आपली साष्टी पोर्तुगीजांना देऊन टाकली. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंतचं बेट. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ही सगळी मंडळी त्यातलीच. पुढे १५७८ साली पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियांव मोरोक्कोत लढाईला गेला तो परत आलाच नाही. लग्न नाही, मूलबाळ नाही. एक म्हातारे नातलग गादीवर बसले, ते धर्मगुरू. म्हणजे तिथेही वंशाचा प्रश्न मिटलेला. दोन वर्षांत तेही गेले. मग शेजारच्या स्पेनचा दुसरा फिलिप ‘आईकडून नातं लागतं’ म्हणत फौजफाट्यासह आला आणि १५८० साली घर ताब्यात घेतलं. १६४० पर्यंत दोन्ही देशांचा राजा एकच राहिला. म्हणजे हिशेबाने साठ वर्षं बोरिवलीकर स्पेनच्या राजाची प्रजा होते.

त्याचा आपल्याला काडीचा उपयोग झाला नाही. दोन्ही राज्यांचे कारभार वेगळेच चालले आणि आपल्याकडे अंमलदार पोर्तुगीजच राहिले. आमच्या मंडपेश्वरच्या लेण्यांवर चर्च उभं राहिलं तेही पोर्तुगीज पाद्र्यांच्या हातून. १६६१ साली इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण मिळाली, पण पोर्तुगीजांनी साष्टी काही सोडली नाही. उपनगरं वगळून मुंबईचा विचार करायची पद्धत अशी जुनी आहे. पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, आणि स्पॅनिश शिकायची आमची संधी गेली ती गेलीच.

ती माझ्या वाट्याला एकदम १९९६ साली आली. आमची कंपनी शेतीचे पंप करायची. साहेबांनी बोलावून सांगितलं, ‘‘सहा महिने मेक्सिको. विक्रीचं ट्रेनिंग. आणि हो, तिथली भाषा शिकून या.’’ हे ‘आणि हो’ त्यांनी ‘येताना कोथिंबीर आणा’च्या चालीवर म्हटलं.

घरी आईची पहिली काळजी खाण्याची. ‘‘तिथे मिरची तरी मिळते का रे?’’ आता मिरची मुळात त्यांचीच, आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून, हे आईला सांगून पटणार नव्हतं. मका त्यांचा, टोमॅटो त्यांचा. घोलवडचा म्हणून आपण अभिमानाने खातो तो चिकूसुद्धा त्यांचा. मेक्सिकोच्या बाजारात तो ‘चिकोसापोते’ या भरगच्च नावाने बसलेला असतो. मी मात्र आईला ‘‘मिळते’’ एवढंच म्हटलं. डब्यात लसणाची चटणी आलीच.

मेक्सिको सिटीत सकाळी दोन तास स्पॅनिश आणि मग दिवसभर विक्रीशास्त्र. वर्गात एक इंग्रज, एक डच, दोन अमेरिकन आणि मी. शिकवायला एक पोक्त बाई होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर ‘पागार’ हे क्रियापद लिहिलं. अर्थ पैसे देणे. मी दचकलो. पोर्तुगीजातही तेच क्रियापद, आणि त्यातूनच आपला पगार आला. एकच शब्द, त्यांच्याकडे तो द्यायचा, आपल्याकडे घ्यायचा. मालक आणि नोकर यांच्यात दृष्टीचा जेवढा फरक, तेवढाच या दोन भाषांत! पाठोपाठ ‘बाल्दे’ आली, तीही ओळखीची निघाली. आमच्या न्हाणीघरातली बालदी. पाद्री तर तिथे ‘पाद्रे’ म्हणून भेटलेच.

पण खरी गंमत व्याकरणात. ‘मे गुस्ता एल मांगो.’ मला आंबा आवडतो. इंग्रजाचा जीव इथे मेटाकुटीला आला. त्याच्या भाषेत ‘मी’ आवडवतो, आंबा मुकाट आवडून घेतो. स्पॅनिशमध्ये आवडण्याचं काम आंबा करतो आणि आपल्याला नुसतं ‘ला’ लागतं. इंग्रज म्हणे, हे उलटं आहे. म्हटलं, बाबा रे, हे सुलटं आहे. आम्ही ज्ञानेश्वरांच्याही आधीपासून असंच आवडवून घेत आलोय. तू आणि तुम्ही यांचा भेद त्यांच्यातही आहे, ‘तू’ला तर चक्क ‘तू’च म्हणतात. चांगला मुलगा, चांगली मुलगी हा घोळ आपल्यासारखाच, उलट एक लिंग कमीच. त-द आपल्यासारखे दातांवर. मराठी माणसाने जर्मन शिकण्यासाठी आटापिटा करावा आणि ही भाषा बाजूला ठेवावी, हे मला अजून समजलेलं नाही.

विक्रीशास्त्राचं तसं नव्हतं. १९९४ च्या डिसेंबरात पेसो कोसळला होता. व्याजाचे दर डोक्यावरून गेले होते, शेतकरी जुनी कर्जंच फेडत होता. आणि आमचे प्रशिक्षक फळ्यावर बाण काढून सांगत, ‘‘गिऱ्हाइकाला गरज नसेल तर निर्माण करा. हप्ता सांगा, व्याज सांगू नका.’’ दोन तास मन लावून शिकलेली सुंदर भाषा पुढचे सहा तास अशा कामाला लावायची, हे घशाखाली उतरत नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात मला टेस्कोकोच्या बाजूला एका विक्रेत्याकडे धाडलं. जवळच चापिंगोचं शेतकी विद्यापीठ. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मी हिंदुस्थानचा म्हटल्यावर विचारलं, ‘‘म्हणजे कानकोहेंच्या देशाचे?’’ हे कानकोहे कोण ते कळायला मला मिनिटभर लागलं. स्पॅनिशमध्ये ‘ज’च्या अक्षराचा ‘ह’ होतो. खानखोजे! वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे!

शाळेच्या पुस्तकात ज्यांना आपण ‘गदर’ पक्षाच्या ओळीत स्वल्पविरामांच्या मधे भेटतो, ते हे. अमेरिकेत शेतकी शिकले, १९१३ च्या सुमारास गदरच्या उभारणीत होते, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढले, पुढे युरोपात राहिले आणि १९२४ साली मेक्सिकोत पोहोचले. मला कंपनीचं तिकीट होतं, भत्ता होता, परतीची तारीख होती. यांना परतायला देश नव्हता. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव. वय चाळिशीचं, म्हणजे नवी भाषा डोक्यात शिरायला खळखळ करते ते वय. या माणसाने चापिंगोत स्पॅनिशमधून शेतकी शिकवली, स्पॅनिशमध्ये मक्यावर पुस्तिका लिहिल्या. ज्यांनी मका जगाला दिला त्यांनाच मक्याचे नवे वाण तयार करून दाखवणं हे धाडस वऱ्हाडच्या शेजारचाच माणूस करू जाणे.

आणि आसपासच्या खेड्यांत त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवल्या. हप्ता नाही, व्याज नाही. माझ्या पंपांच्या रंगीत माहितीपत्रकांची चळत गाडीत होती. त्या दिवशी ती गाडीतच राहिली. विक्रेता संध्याकाळी म्हणाला, ‘‘उद्या जाऊ या गिऱ्हाइकांकडे, आओरिता.’’ आओरिता म्हणजे आत्ताच्या आत्ता, किंवा संध्याकाळी, किंवा कधीच नाही. मीही तोच शब्द त्याला परत दिला.

टीना मोदोत्तीने खानखोज्यांची आणि त्यांच्या मक्याची छायाचित्रं काढली. दिएगो रिवेराने तर मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंतीवरच त्यांना बसवलं. १९२० ते ३० च्या दशकातलं ते चित्र. स्वातंत्र्य मिळाल्यावरही ते काळ्या यादीतलं नाव लगेच पुसलं गेलं नाही. शेवटी ते नागपुरात येऊन स्थायिक झाले आणि १९६७ साली वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०२२ मध्ये.

निघण्याआधीच्या रविवारी आमच्या वर्गातल्या त्या इंग्रजाला घेऊन मी ती भिंत पाहायला गेलो. ‘एल पान नुएस्त्रो’, म्हणजे ‘आपली भाकरी’ असं चित्राचं नाव. यातला ‘पान’ हा आपल्या पावाचा सख्खा चुलतभाऊ. मेजाभोवती सगळ्या थरांतली माणसं, आणि मधोमध पाव मोडून वाटायला बसलेले खानखोजे. इंग्रज बराच वेळ पाहत राहिला.

‘‘हे तुमच्या गावचे?’’ त्याने विचारलं.

वर्धा बोरिवलीपासून रात्रभराच्या गाडीवर आहे. मी म्हटलं, ‘‘हो.’’