अब्दुल लाटचा कवी, देशाचा वकील

आज आम्ही एका अशा माणसाची गोष्ट सांगणार आहोत, जो मराठीत कविता लिहितो आणि ज्यानं साधारण पस्तीस वर्षं भारत सरकारच्या वतीनं बोलण्याचं काम केलं. नाव ज्ञानेश्वर मुळे. गाव अब्दुल लाट, तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर. कवीची गोष्ट बचत गटाच्या बायांनी कशाला ऐकायची, असं वाटेल. पासपोर्टच्या फॉर्मपर्यंत येऊ तेव्हा कळेल.

आधी राजदूत म्हणजे काय ते बघू. पूर्वी यालाच वकील म्हणत. कोर्टातला नव्हे, एका दरबारानं दुसऱ्या दरबारी ठेवलेला माणूस. आपल्या शेजारच्या उदगीरला १७६० साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. सदाशिवरावभाऊंनी ती जिंकली, पण दौलताबाद, अशीरगड, विजापूर कुणाकडे जाणार हे ठरलं ते बोलणी करून. तलवार म्यान झाली की वकिलाचं काम सुरू होतं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची गादी इंग्रजांनी काढून घेतली, तेव्हा त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन बसले आणि चौदा वर्षं भांडत राहिले. राज्य काही परत मिळालं नाही. पण मालकाचं म्हणणं न वाढवता, न घटवता समोरच्याच्या कानावर घालायचं आणि त्याचं उत्तर तसंच परत आणायचं, हे काम त्यांनी सोडलं नाही.

या कामात शब्दाला फार किंमत असते. म्हणून असेल कदाचित, जगात बरेच राजदूत कवी निघाले. चिलीचे नेरुदा, मेक्सिकोचे ऑक्टाव्हियो पाझ. हे पाझ १९६२ ते १९६८ दिल्लीत राजदूत होते. त्यांच्या सरकारनं विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या तेव्हा त्यांनी पद सोडलं. फ्रान्समध्ये तर अशी परंपराच आहे. तिथला पॉल क्लोदेल हा मोठा कवी. चीन, जपान, ब्राझील, अमेरिका एवढ्या ठिकाणी त्यानं फ्रान्सचं काम केलं. १९२१ ते १९२७ तो टोकियोत राजदूत होता.

पण क्लोदेलचं नाव घेतलं की आम्हाला त्याची बहीण आठवते. कामीय तिचं नाव. दगडातून, मातीतून माणसं घडवणारी शिल्पकार, तीही त्या काळात. १९१३ च्या मार्चमध्ये वडील वारले आणि आठवडाभरात घरच्यांनी तिला वेड्यांच्या इस्पितळात घातलं. कागदावर सही घरच्यांची. पुढे डॉक्टरांनीच सुचवलं की हिला घरी न्यायला हरकत नाही. आईनं नकार दिला. भाऊ देशोदेशी राजदूत, बहीण तीस वर्षं आत. भेटायला तो मोजक्याच वेळा गेला. १९४३ साली ती तिथंच वारली आणि तिचं दफन झालं ते सार्वजनिक जागेत. पुढं शोधायला गेलेल्यांना तिची हाडंसुद्धा सापडली नाहीत. माणूस कवी आहे म्हणून घरच्या बाईचं म्हणणं ऐकून घेईल, याची हमी नाही. आणि एका सहीनं बाईचं आयुष्य बंद करता येतं, हे आपल्यालाही फ्रान्सकडून शिकायला नको.

आता मुळ्यांकडे येऊ. जन्म १९५८ चा. अब्दुल लाट हे कर्नाटकाच्या सीमेजवळचं गाव. आपल्याला हे कळायला वेळ लागणार नाही. देगलूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं कानावर पडतं. भाजीवाली ज्या भाषेत भाव सांगते, त्या भाषेत आपण घासाघीस करतो आणि घरी येऊन तिसऱ्याच भाषेत हिशेब सांगतो. सीमेवरच्या लेकराला लहानपणीच कळतं की आपल्यासारखं सगळं जग बोलत नाही.

दहा वर्षांचं असताना हे पोर घर सोडून कोल्हापूरला गेलं. तिथं जिल्हा परिषदेनं खेड्यातल्या हुशार मुलांसाठी राजर्षी शाहू विद्यानिकेतन काढलं होतं. शिक्षण, राहणं तिथंच. १९७५ ला एसएससीच्या परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याला मिळाली. तोवर हा मान बहुतेक शहरी घरांतल्या मुलांकडे जायचा. हे फक्त हुशारीनं झालं असं आम्ही मानत नाही. जिल्हा परिषदेनं वसतिगृह चालवलं नसतं तर ही हुशारी शिरोळ तालुक्यातच राहिली असती. तिथं मुलींसाठी तेव्हा काय होतं, हा प्रश्न विचारून ठेवू आणि पुढं जाऊ.

कोल्हापूरच्या शहाजी कॉलेजातून बीए, मग मुंबई, राज्यसेवेची परीक्षा, उपजिल्हाधिकारी, आणि १९८३ ला परराष्ट्र सेवा. पहिली नेमणूक जपानची, टोकियोची. क्लोदेल जिथं राजदूत होता तेच शहर. तिथं ते जपानी शिकले. पुढे मॉस्को, मॉरिशस, सीरियातलं दमास्कस, मालदीव, न्यूयॉर्क. एवढ्या फिरतीत त्यांनी मराठीत लिहिणं सोडलं नाही, हिंदीतही कविता केल्या. 'जोनाकी' हा त्यांचा सुरुवातीचा कवितासंग्रह. गद्यात 'माती, पंख आणि आकाश' हे आत्मकथन सगळ्यांत जास्त वाचलं गेलं. नावातच सगळं आलं. इंग्रजीत मोठं पद आणि घरी मराठी अशी वाटणी करणारे पुष्कळ असतात. यांनी मराठीला कपाटात ठेवलं नाही.

आता मालदीव. नकाशात ठिपक्यांसारखी दिसणारी समुद्रातली बेटं. मुळे तिथं २००९ ते २०१३ उच्चायुक्त होते. राष्ट्रकुलातल्या देशांत राजदूताला उच्चायुक्त म्हणतात, काम तेच. तिथं निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांना फेब्रुवारी २०१२ मध्ये पद सोडावं लागलं. राज्य बदललं, वारं बदललं. माले शहराच्या विमानतळाचं काम एका भारतीय कंपनीकडे होतं, त्यावरून सभा, मोर्चे निघू लागले. त्या वर्षी नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्यानं भर सभेत मुळ्यांचं नाव घेऊन त्यांना देशाचा शत्रू ठरवलं. भारतानं निषेध नोंदवला, तिथल्या सरकारनं हे आमचं मत नाही म्हणून हात झटकले, आणि थोड्याच दिवसांत विमानतळाचा करार रद्द झाला.

गावात आपल्याविरुद्ध कुणी चावडीवर बोललं तर आपण काय करतो? एकतर भांडायला जातो, नाहीतर घराबाहेर पडायचं सोडतो. राजदूताला दोन्ही करता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच लोकांसमोर जाऊन बसावं लागतं.

खरी परीक्षा पुढंच होती. १३ फेब्रुवारी २०१३ ला नशीद अटक टाळण्यासाठी थेट भारताच्या उच्चायुक्तालयात येऊन बसले. १९६१ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे दुसऱ्या देशाच्या वकिलातीत यजमान देशाच्या पोलिसांना परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. म्हणजे आलेल्याला हाकलावं तर शब्द गेला, ठेवून घ्यावं तर शेजारी देश म्हणणार, आमच्या घरात नाक खुपसता. रात्री एखादी बाई मार खाऊन गटाच्या अध्यक्षाच्या दारात येते, तेव्हा अध्यक्षाची जी अवस्था होते तीच. तिला आत घ्यायचं, आणि सकाळी तिच्या सासरच्यांशी, पोलीस पाटलाशी बोलायचंही. बोलणी चालू राहिली आणि अकराव्या दिवशी, २३ तारखेला, नशीद स्वतः बाहेर पडले. मार्चमध्ये त्यांना अटक झालीच, पण दुसऱ्या दिवशी सुटले. म्हणजे सगळं गोड झालं असं नाही. मध्यस्थाच्या हातात तेवढंच असतं. रक्त न सांडता आणि दार न मोडता अकरा दिवस गेले, हे आम्हाला कमी वाटत नाही.

२०१३ ते २०१६ ते न्यूयॉर्कला महावाणिज्य दूत होते. मग दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयात सचिव झाले. पासपोर्ट, व्हिसा आणि परदेशी गेलेल्या भारतीयांचं खातं त्यांच्याकडे आलं. मंत्री होत्या सुषमा स्वराज.

तेव्हा देशभरात पासपोर्ट सेवा केंद्रं मोजकीच होती. लहान गावच्या माणसाला कुठल्यातरी मोठ्या शहरात मुक्काम करावा लागे. मंत्रालयानं टपाल खात्याला सोबत घेतलं आणि टपाल कचेरीतच पासपोर्टचं काउंटर उघडायचं ठरवलं. पहिली दोन २५ जानेवारी २०१७ ला सुरू झाली, कर्नाटकात म्हैसूर आणि गुजरातेत दाहोद. काही वर्षांतच अशी केंद्रं ४०० च्या पुढं गेली. वर्तमानपत्रं मुळ्यांना 'पासपोर्ट मॅन' म्हणू लागली. एवढं काम एकट्याचं नसतं. मंत्री, टपाल खातं, काउंटरवर बसणारे कारकून, सगळ्यांचं ते होतं. पण पोस्टमनची वाट बघत वाढलेल्या खेड्यातल्या माणसाला टपाल कचेरी सुचावी, हे आम्हाला साहजिक वाटतं.

पन्नास किलोमीटरच्या आत प्रत्येकाला केंद्र मिळावं असा सरकारचा इरादा होता. देगलूरहून नांदेड ऐंशीच्या घरात आहे. बाकीचा हिशेब एसटीच्या तिकिटावरून तुम्हीच करा.

आमच्या दृष्टीनं याहून मोठी गोष्ट डिसेंबर २०१६ ची आहे. मंत्रालयानं पासपोर्टचे नियम बदलले. पूर्वी आई आणि वडील दोघांची नावं द्यावी लागत, आता आई, वडील किंवा पालक यांपैकी एक नाव चालतं. लग्नाचा दाखला जोडायची गरज राहिली नाही. घटस्फोट झालेल्या किंवा नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बाईनं नवऱ्याचं नाव दिलंच पाहिजे, ही अटही गेली. जन्मतारखेसाठी जन्माच्या दाखल्याऐवजी शाळा सोडल्याचा दाखला, आधार असे कागद चालू लागले.

आमच्या गटांत एकट्या राहणाऱ्या बाया किती आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. रेशन कार्ड असो, बँकेचं खातं असो, लेकराचा शाळेतला दाखला असो, पतीच्या नावाचा रकाना आला की पेन थांबतं. जो माणूस दहा वर्षं दारात आला नाही, त्याचं नाव आपल्याच हातानं लिहायचं, आणि वर त्याची सही आणा म्हणून ऐकायचं. कवितेतला एक शब्द इकडचा तिकडं झाला तर कविता बिघडते. फॉर्मवरचा एक रकाना गेला तर बाईची फेरी वाचते, आणि मानही वाचतो.

पासपोर्ट काढून आपल्याला कुठं जायचंय, असं म्हणू नका. आपल्या भागातली माणसं कामासाठी हैदराबादला जातात, तिथून काही आखाताचा रस्ता धरतात. हजला जायला पासपोर्ट लागतो. आणि एक लक्षात ठेवा. दहावी पास नसलेल्याला आखातासारख्या देशांत कामाला जायचं असेल तर सरकारच्या उत्प्रवास कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. दहावी झालेल्याला ती लागत नाही. घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय तीसच्या खाली असेल तर ही परवानगी मिळतच नाही. कुणी एजंट 'मी सगळं बघतो' म्हणत असेल तर तो सरकारकडे नोंदलेला आहे का, ते आधी विचारा, आणि पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात ठेवू नका.

मुळे २०१९ ला निवृत्त झाले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे सदस्य झाले. 'माती, पंख आणि आकाश' तालुक्याच्या वाचनालयात विचारून बघा. मिळालं तर पुढच्या मासिक बैठकीत, हप्ते गोळा करून झाले की, ज्यांना वाचता येतं त्यांनी पहिलं प्रकरण बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.