बॅट कोणाची?

भीमजयंतीच्या तयारीची बैठक चालू होती. ढाणकीत आमच्या वस्तीत जयंतीच्या आधी टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने भरवायची जुनी रीत. वर्गणीचा हिशेब झाला, बक्षिसाचं बोलणं निघालं, तर मागं बसलेला एक पोट्टा उठला अन्‌ म्हणाला, "भाऊ, यंदा क्रिकेट नको. फुटबॉल ठेवा." बाजूचे पाच-सहा जण माना हलवायला लागले. आमच्या वयाची माणसं चिडली. एक काका म्हणाले, "इतक्या वर्साचं क्रिकेट सोडून कायले त्या लाथाडण्याच्या खेळामागं लागता?" पोरगं अडलं नाही. म्हणालं, "काका, क्रिकेटमधी बॅट कोनाची असते, सांगा."

काका गप्प बसले. मीही गप्प बसलो. कारण मला उत्तर माहीत होतं.

१९८३ साली कपिलदेवच्या टीमनं वर्ल्डकप जिंकला तेव्हा मी शाळेत होतो. पानठेल्यावरच्या रेडिओभोवती सारं गाव उभं. दुसऱ्या दिवसापासून कापूस निघालेल्या रानात, नाल्याकाठी, जिथं सपाट दिसेल तिथं क्रिकेट. बॅट एका मोठ्या शेतवाल्याच्या पोराची. ज्याची बॅट त्याचा पहिला डाव, अन्‌ तो म्हणेल तेव्हा खेळ बंद. आम्ही फिल्डिंग करायची. बॉल बाभळीत गेला की आम्ही आणायचा. बॉलिंगही द्यायचे, कारण कष्टाचं काम. बॅटिंगची वेळ आली की, "तुमची बारी उद्या." तो उद्या कधी उजाडला नाही. तहान लागली की पाणी वरून ओंजळीत. बॉल आमच्या हातचा चालायचा, तांब्या चालायचा नाही.

मला वाटायचं हे आमच्याच गावाचं दुखणं. पुढं इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं की या देशातल्या क्रिकेटचा पहिला मोठा गोलंदाज याच दुखण्यातून गेला होता. त्याचं नाव बाळू पालवणकर. मित्रांनो, आपल्यातल्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

बाळू जन्मले १८७६ साली, चांभार घरात. पुण्यात आधी पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची नोकरी, पगार महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथं कॅप्टन ग्रेग नावाचा साहेब सरावाला यायचा. बाळू त्याला तासन्‌तास बॉल टाकायचे. साहेबाला आउट केलं की आठ आणे मिळायचे असं सांगतात. बॅट मात्र हातात दिली नाही. साहेबाच्या राज्यात अन्‌ आमच्या नाल्याकाठी कायदा एकच होता.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. तेव्हा त्यांना बाळूंची आठवण झाली. अस्पृश्याला घ्यावं की नाही यावर वाद झाला. शेवटी घेतलं. मैदानात सगळे एकच बॉल हाताळायचे, पण चहाच्या वेळी बाळूंचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचं पान वेगळं.

१८९६ च्या सुमारास प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला गेले. १९०६ साली हिंदूंच्या टीमनं युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्यात बाळू होते, त्यांचे भाऊ शिवरामही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या टीमसोबत बाळू इंग्लंडला गेले. पस्तिशीतल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानं त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. टीम हरत होती, बाळू गडी काढत होते.

तरी हिंदूंच्या टीमचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. दरवर्षी नाव निघायचं, दरवर्षी कुणी उच्चजातीय पुढं यायचा. १९२० साली तर बाळूंना टीममधूनच काढलं, अन्‌ विठ्ठल या त्यांच्या भावाचा हक्क डावलून दुसऱ्याला कप्तान केलं. तेव्हा विठ्ठल अन्‌ शिवराम दोघंही जाहीर निषेध करून टीमबाहेर पडले. हा बहिष्कार महाडच्या सात वर्षं आधीचा आहे, हे ध्यानात घ्या. बोभाटा झाला, गिमखान्याला नमावं लागलं. अंतिम सामन्यात बाळू उपकप्तान झाले. अन्‌ १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कप्तान झाले, अन्‌ त्यांच्या टीमनं चौरंगी स्पर्धा जिंकली. कप्तानपद दयेनं मिळालं नाही. खेळ थांबवून मिळालं.

मग हे नाव आपल्या सभांत का येत नाही? त्याचं कारणही सांगतो, लपवत नाही. तरुणपणी बाबासाहेबांना बाळूंबद्दल आदर होता. पण १९३२ साली पुणे कराराच्या वेळी बाळू स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात उभे राहिले. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत तर ते बाबासाहेबांच्याच विरोधात काँग्रेसतर्फे लढले. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले. ते राजकारण चुकलं, असं मी आजही म्हणतो. पण म्हणून त्या मातीच्या भांड्यातला चहा खोटा ठरत नाही. इतिहास सोयीपुरता कापून वापरायचा धंदा त्यांचा आहे. आपण तो शिकू नये.

आता फुटबॉलचं. आमची पोरं मोबाइलवर मेस्सी पाहतात, रात्र रात्र जागतात. काकांना वाटतं हे फॅड आहे. फॅड थोडं आहेच. पण हिशेबही आहे. क्रिकेटला बॅट, पॅड, स्टंप, अन्‌ वर बारीची वाट. फुटबॉलला एक बॉल, अन्‌ बावीस जण एकाच वेळी पळतात. "तुमची बारी उद्या" म्हणायची सोयच नाही. नागपुरात २००१ साली विजय बारसे या खेळाच्या मास्तरांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली अन्‌ त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं. त्यावर २०२२ साली नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आला. आमच्या पोरांनी तो पाहिलाय. पडद्यावरची ती पोरं त्यांना आपल्यातली वाटली, यात नवल काय?

पण पोरांनाही एक सांगायचंय. फुटबॉलला जात नसते असं समजू नका. बाळू इंग्लंडात गडी काढत होते त्याच उन्हाळ्यात, २९ जुलै १९११ ला, कलकत्त्यात मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ नं हरवलं. एक सोडून सगळे अनवाणी खेळले. मोठा विजय होता तो. पण क्लब बाबू लोकांचा होता. अनवाणी पाय दिसले म्हणून खेळ आपला होत नाही. क्रिकेटमध्ये बॅट कोणाची हे विचारायचं, तसं फुटबॉलमध्ये मैदान कोणाचं हे विचारावं लागतं.

अन्‌ खरं दुखणं तिथंच आहे. आम्ही खेळलो ती रानं आता मोकळी नाहीत. कुठं प्लॉट पडले, कुठं तारेचं कुंपण आलं. खेळ क्रिकेट असो की फुटबॉल, उभं राहायला जागा नसेल तर पोरगं ठेल्यावर बसून मोबाइलच पाहणार. दादासाहेब गायकवाडांच्या मागं १९६४-६५ साली भूमिहीन माणसं पडीक अन्‌ गायरान जमिनीसाठी तुरुंगात गेली. ती जमीन पोटासाठी मागितली होती. आता पोरांच्या पायासाठी मागायची वेळ आली आहे.

बैठकीत शेवटी ठरलं ते असं. यंदा फुटबॉल होईल. क्रिकेटचाही एक सामना होईल, अन्‌ त्यात जे कधी बॅटिंगला गेले नाहीत ते आधी जातील. मैदानासाठी अर्ज लिहिलाय, सह्या चालू आहेत. काकांनी पहिली सही केली. सामन्याआधी पोरांना बाळू अन्‌ विठ्ठल पालवणकरांची गोष्ट सांगायचं काम माझ्याकडं आलंय. १९३७ ची निवडणूक गाळायची नाही, अन्‌ १९२० चा बहिष्कारही गाळायचा नाही, हे मी आधीच सांगून ठेवलंय.

तुमच्या गावात बॅट कोणाची आहे, मैदान कोणाचं आहे, ते विचारा. अन्‌ आम्हाला लिहून कळवा.

जयभीम.