टोपीकर, साहुकार आणि राज्य

'आज्ञापत्र' शिकवताना आम्ही मराठीचे प्राध्यापक वर्षानुवर्षे एक अपराध करीत आलो आहोत. रामचंद्रपंत अमात्यांच्या या ग्रंथाकडे आम्ही गद्यशैलीचा नमुना म्हणून पाहतो. फार्सी शब्द किती, संस्कृत किती, वाक्य कसे लांबत जाते, एवढे सांगितले की तास संपतो. पंत काय म्हणत आहेत, हे इतिहासवाल्यांनी पाहावे, अशी आमची सोयीस्कर समजूत. परिणामी राज्यव्यवहारावर मराठीत लिहिलेला एक पहिल्या प्रतीचा विचार आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती व्याकरणाच्या उदाहरणासारखा पडतो.

१९९० नंतरच्या दोन दशकांत जागतिकीकरणाची चर्चा जोरात असताना आपल्याकडेही एक वाक्य फार ऐकू येई : राज्यसंस्थेचे दिवस भरले, यापुढे जगाचा कारभार भांडवल आणि कंपन्या पाहतील. २००८ मध्ये बुडत्या बँका सरकारी तिजोऱ्यांच्या दाराशी उभ्या राहिल्या, २०२० मध्ये महासाथीने देशोदेशींच्या सीमा बंद केल्या, आणि त्या वाक्याचा जोर ओसरला. पण मुळात राज्य एकीकडे आणि कंपनी दुसरीकडे, अशी मांडणीच बरोबर होती का? येथे आम्हांला पंत आठवतात.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पंत हे लिहीत होते. राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचा कारभार ज्यांनी ओढला, औरंगजेबाच्या फौजा ज्यांनी अंगावर घेतल्या, त्या मुत्सद्द्याचे हे लेखन आहे. साहुकारांविषयी ते अत्यंत आदराने लिहितात. साहुकारामुळे राज्य आबाद होते, न मिळणाऱ्या वस्तू मिळतात, अडचणीला कर्ज मिळते. म्हणून त्याला जपावे, असा त्यांचा उपदेश आहे. आणि मग ते टोपीकरांकडे वळतात. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार हेही साहुकारीच करतात. पण त्यांना इतर साहुकारांसारखे समजू नये, कारण त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत आणि त्यांना जागेचा लोभ आहे, असे पंत बजावतात. वखारीला जागा देणे भागच पडले तर खाडीच्या मुखाशी, समुद्रकाठी देऊ नये. आत काही कोसांवर, मोठ्या गावाच्या जवळ, सखल ठिकाणी द्यावी. पक्की इमारत बांधू देऊ नये. आरमार आणि दारूगोळा हे त्यांचे बळ. ते बळ जिथे पोहोचत नाही तिथे त्यांना बसवावे, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

हा हिशेब अनुभवातून आलेला होता. १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफ आणि गोळे घेऊन गेले आणि आपले निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. याला व्यापार म्हणावे की युद्ध? शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये वखार लुटून आणि इंग्रजांना कैदेत टाकून आपले उत्तर दिले. योगायोग असा की त्याच वर्षी दुसऱ्या चार्ल्सने कंपनीला नवी सनद दिली आणि ख्रिस्ती नसलेल्या राजांशी युद्ध व तह करण्याचा अधिकार तीत लिहून दिला. वखारवाले वागत होते तसे वागण्याची आता कागदावर मोकळीक झाली. १६६८ मध्ये तर मुंबई बेटच वार्षिक दहा पौंड खंडाने कंपनीच्या हवाली झाले.

१६७४ च्या जूनमध्ये राज्याभिषेकाच्या वेळी कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर तहाची कलमे घेऊन आला होता. बहुतेक कलमे मान्य झाली. हरकत निघाली ती मुख्यतः दोन कलमांना. इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे, हे एक. त्यावरचे म्हणणे असे की नाण्याला मनाई नाही, पण अंगच्या किमतीपेक्षा अधिकाने ते घ्या, असे रयतेला सांगता येणार नाही. दुसरे कलम फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचे. असा माल परत करणे कोकणच्या रिवाजाविरुद्ध होते, आणि इंग्रजांना ही सवलत दिली तर इतर टोपीकरही ती मागतील, अशी भीती होती. नाणे कोणाचे चालेल आणि किनाऱ्यावर कायदा कोणाचा, हे ज्याला विचारले जाते ते राज्य. आमच्या मते त्या समारंभातला राज्याभिषेकाइतकाच अर्थपूर्ण प्रसंग हा आहे; वर्णनांत मात्र ऑक्झिंडेनने दिलेल्या नजराण्यालाच अधिक जागा मिळते. असो.

पंतांना एक गोष्ट मात्र दिसली नाही, आणि रायगड-पन्हाळ्यावरून ती दिसणे कठीणच होते. राजा कंपनीच्या पाठीशी होता हे खरे. पण कंपनीही राजाच्या पाठीशी होती. १७०८ मध्ये दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एक झाल्या, तेव्हा त्यांनी इंग्लंडच्या सरकारला दिलेले एकूण कर्ज बत्तीस लाख पौंडांवर गेले होते. पुढे १७७३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली, तेव्हा पार्लमेंटने तिला चौदा लाख पौंड कर्ज दिले आणि त्याबरोबर रेग्युलेटिंग अॅक्टची वेसणही घातली. कोण कोणाचे साधन, हे ठरवणे तिथल्या लोकांनाही सोपे नव्हते. आपल्याकडे साहुकार राज्याला कर्ज देत असे. पण ते कर्ज त्या घराण्याचे असे, घराणे बुडाले की व्यवहारही बुडे. राज्याच्या कर्जाचे असे टिकाऊ संस्थेत रूपांतर पेशवाईला कधीच साधले नाही, आणि पेशव्यांचे पत्रव्यवहार वाचताना कर्जाची ती विवंचना पानोपानी भेटते.

आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, असे पंतांनी आवर्जून सांगितले होते. १७५६ च्या फेब्रुवारीत नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांचा काटा काढण्यासाठी इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गाच्या खाडीत मराठ्यांचे सर्वांत बलाढ्य आरमार इंग्रजांनी जाळले. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, उपद्रवही देत होते, हे मान्य. तरी आम्हांला हा निर्णय क्षम्य वाटत नाही. खाडीचे मुख वखारीलाही देऊ नये, असे सांगणारा ग्रंथ लिहून चाळीसएक वर्षे होतात न होतात तोच, त्याच मुखातून परक्या युद्धनौका आपल्या निमंत्रणावरून आत आल्या. तिथे असलेले वॉटसन आणि क्लाइव्ह पुढच्याच वर्षी बंगालमध्ये होते.

राघोबादादांचा वकील हणमंतराव १७८१ मध्ये लंडनला पोहोचला होता. टोपीकरांच्या घरी जाऊन त्यांचा राजा पाहण्याची ही दुर्मीळ संधी. पण वकिलाला धाडले होते ते दादांच्या पेशवेपदाची रदबदली करायला.

कंपनीची पहिली सनद ३१ डिसेंबर १६०० ची, आणि वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. त्या तहाने बाजीरावाने सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला, सहा हजारांची तैनाती फौज पत्करली, इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना चाकरीत न ठेवण्याचे कबूल केले आणि इतर दरबारांशी बोलणे करण्यापूर्वी कंपनीचा सल्ला घेण्याचेही. यंदा वर्गात हे सांगत असता एका विद्यार्थिनीने विचारले, मग इतकी कलमे मान्य केल्यावर पेशवा 'साहुकार' झाला का? आम्ही म्हणालो, नाही, साहुकाराला निदान कर्ज देता येते. मग तिने आज्ञापत्राचे ते प्रकरण पुन्हा उघडले, आणि या वेळी शब्दांचे मूळ कोणीच विचारले नाही.